दादर-माटुंग्याची सावली कुठून आली आणि कशी जाते

दादर स्टेशनच्या पूर्वेला उतरून आंबेडकर रोड ओलांडला की पारशी कॉलनी लागते. मे महिन्यातल्या भर दुपारीही इथल्या गल्ल्यांतून डोक्यावर रुमाल न टाकता चालता येतं. रोडच्या अलीकडे हिंदू कॉलनी, उत्तरेला माटुंगा आणि किंग्ज सर्कल, मधोमध फाइव्ह गार्डन्सचा पट्टा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चित्र आहे. याचं कारण विचारलं की लोक सांगतात, जुन्या लोकांनी झाडं लावली म्हणून. ते खरं आहे, पण अपुरं आहे. झाडं मुंबईत पुष्कळ ठिकाणी लावली गेली. जिथे मुळांना माती आणि शेंड्याला ऊन मिळत राहिलं, तिथलीच म्हातारी झाली. दादर-माटुंग्यात माती आणि ऊन टिकून राहिलं ते काही जुन्या नियमांमुळे, भाडेपट्ट्यांच्या अटींमुळे आणि एका कायद्याच्या अनपेक्षित परिणामामुळे. आता पुनर्विकासाच्या लाटेत हे तिन्ही आधार सुटत चालले आहेत. एकही झाड न तोडता सावली जाऊ शकते. ती कशी जाते, हे इथे राहणाऱ्यांनी आणि अशा वस्त्या जपू पाहणाऱ्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवं.

सुरुवात प्लेगपासून

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत माणसं पटापट मरू लागली आणि लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघून गेले. गिरण्या आणि गोदी ओस पडायची वेळ आली तेव्हा सरकार हललं आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्याकडे मुख्यतः दोन कामं होती. दाट वस्त्या फोडून त्यांतून रुंद रस्ते काढायचे, आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनी घेऊन तिथे नव्या वसाहती आखायच्या. पहिल्या कामातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड झाले. दुसऱ्यातून दादर, माटुंगा, वडाळा, सायन या पट्ट्याची योजना निघाली. तेव्हा हा भाग म्हणजे शेतं, दलदल आणि विरळ वस्ती होती.

ट्रस्टच्या डोक्यात रोगाचं जे चित्र होतं ते बरंचसं चुकीचं होतं. कोंदट हवा, ओल आणि अंधार यांमुळे प्लेग पसरतो असं तेव्हा बहुतेक अधिकारी मानत. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्येच, म्हणजे ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी मांडलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर घरात उजेड आणि वारा आला पाहिजे हे ट्रस्टचं मुख्य सूत्र ठरून गेलं होतं. प्लेगपुरतं ते नेमकं औषध नव्हतं. क्षयासारख्या रोगाच्या बाबतीत मात्र ते योग्यच होतं, आणि झाडांच्या बाबतीत तर फारच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांची घरं पाडली गेली त्या गरिबांसाठी दादर-माटुंगा उभं राहिलं नाही. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत, आणि विस्थापित लोक जवळच्याच दुसऱ्या चाळींत कोंबले गेले. नव्या वसाहतीत आले ते कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले आणि बँकांतले नोकरदार. दक्षिण भारतीय मंडळी माटुंग्यात आली, गुजराती आणि मराठी कुटुंबं हिंदू कॉलनीत, पारशी त्यांच्या कॉलनीत. या भागाची सावली सांगताना तिची ही बाजू झाकून ठेवू नये.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी एक सोपं माप लावून धरलं होतं. तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक सरळ रेषा काढायची. ती जमिनीशी ६३½ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल तर समोरची इमारत प्रमाणाबाहेर उंच आहे, असं समजायचं. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याचा हिशेब अगदी सरळ आहे. या कोनात उंची मोकळ्या जागेच्या दुप्पट भरते. दोन इमारतींमध्ये दहा मीटर जागा असेल तर समोरची इमारत वीस मीटरपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. विलायतेत यासाठी ४५ अंशांचं माप वापरत, म्हणजे जितकी जागा तितकीच उंची. मुंबईत सूर्य डोक्यावर जास्त चढतो म्हणून इथे थोडी सूट देता येते, असा ऑर यांचा युक्तिवाद होता.

दादर-माटुंग्यातल्या जुन्या इमारती बहुतेक तळमजला अधिक दोन किंवा तीन मजल्यांच्या. समोर रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी. म्हणजे या मापात त्या आरामात बसतात, वर जागा उरतेच. माणसाच्या खोलीत ऊन यावं म्हणून ठेवलेल्या या जागेत झाडालाही ऊन मिळालं. रस्त्याकडेचं झाड उंच भिंतीच्या सावलीत अडकलं की ते उजेडाकडे एकाच बाजूला वाकत वाढतं, आणि पावसाळी वाऱ्यात आधी पडतं ते असलंच झाड. पारशी कॉलनीतली जुनी झाडं सरळ आणि चौफेर पसरलेली दिसतात, त्यामागे हा कोन आहे.

नियम नुसते कागदावर राहिले नाहीत, कारण जमीन ट्रस्टच्या मालकीची होती. ट्रस्टने आधी रस्ते, गटारं आणि पाणी आणलं, मग भूखंड पाडले आणि ते लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडेपट्टा घेणाऱ्याला इमारतीचा आराखडा ट्रस्टकडून मंजूर करून घ्यावा लागे. उंची किती, बाजूला किती जागा सोडायची, वापर कशासाठी करायचा, सगळं अटींत असे. मालकच नियम घालणारा असला की नियम मोडणं अवघड होतं. पुढे ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला आणि भाडेपट्टे पालिकेकडे आले.

बांधकामाने खरा जोर धरला तो पहिल्या महायुद्धानंतर, १९२० आणि ३० च्या दशकांत. पारशी कॉलनीचं श्रेय मंचेरजी एदलजी जोशी या ट्रस्टमधल्या अभियंत्याला जातं. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून ठेवायला त्यांनी ट्रस्टला राजी केलं. कोणत्या रस्त्यावर कोणतं झाड, हेही त्यांनी आखणीतच ठरवलं होतं. फिरदौसी रोडवर महोगनी, जाम-ए-जमशेद रोडवर अशोक. एका रस्त्यावर एकाच जातीची झाडं लावली की ती साधारण एकाच उंचीवर जाऊन डोक्यावर सलग छत धरतात. या पद्धतीत एक धोकाही असतो. एखाद्या किडीला ती जात आवडली की अख्खी ओळ आजारी पडते. मुंबईच्या इतर भागांत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्षांचं काय केलं, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. वठलेल्या फांद्यांचे सापळे काही रस्त्यांवर कितीतरी दिवस उभे होते. आज नवी लागवड करताना जोशींची शिस्त घ्यावी, पण दोन-तीन जाती मिसळाव्यात असं मला वाटतं.

गोठलेल्या भाड्यांनी राखलेली झाडं

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्याने संरक्षण दिलं, ते गरजेचंही होतं. पण दशकं उलटली तरी भाडं तेच राहिलं आणि घरमालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. इमारत पाडून नवी बांधणंही परवडेना, कारण भाडेकरूंना काढता येत नव्हतं. परिणाम असा झाला की दादर-माटुंग्यातल्या शेकडो दोन-तीन मजली इमारती होत्या तशाच राहिल्या. त्यांच्या अंगणातली माती कोणी खणली नाही. झाडं बिनघोर वाढली.

आता त्याच इमारतींच्या गॅलऱ्या टेकूवर आहेत, स्लॅबमधल्या सळ्या गंजून फुगल्या आहेत. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या अशा अनेक इमारती उपकरप्राप्त म्हणजे सेस इमारती आहेत, ज्यांच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो. त्यांच्या पुनर्विकासासाठी विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हे कलम आहे. बोलीभाषेत लोक 'तेहतीस सात' असंच म्हणतात. त्यात जुन्या रहिवाशांना फुकट नवं घर मिळतं आणि बिल्डरला वाढीव बांधकाम विकून खर्च काढता येतो. ज्याच्या छतातून दरवर्षी पाणी गळतं त्या माणसाला झाडांसाठी तसंच राहा म्हणून सांगणं क्रूर आहे. २०१२ मध्ये वारसा यादीत नव्या वस्त्या घालण्याचा प्रस्ताव आला, त्यात शिवाजी पार्क आणि पारशी कॉलनीही होती. तेव्हा अनेक रहिवाशांनीच विरोध केला, कारण वारसा ठरलं तर पुनर्विकास अडेल ही भीती होती. ती भीती समजण्यासारखी आहे. म्हणून पुनर्विकास होणार हे धरूनच माती कशी वाचेल, ते पाहायला हवं.

चटईक्षेत्राचा हिशेब

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो काय मोजतो आणि काय मोजत नाही हे क्वचितच सांगितलं जातं. समजा भूखंड १,००० चौरस मीटरचा आहे. त्यावर जुनी इमारत जमिनीचा एक तृतीयांश भाग व्यापते आणि तळमजला अधिक दोन मजले आहेत. एकूण बांधकाम सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे एफएसआय १. दोन तृतीयांश जमीन मोकळी. आता एफएसआय ३ झाला, तर ३,००० चौरस मीटर बांधता येतील. हेच जमिनीचा तोच एक तृतीयांश भाग व्यापून नऊ मजल्यांत बसतं. उरलेले दोन तृतीयांश तसेच मोकळे राहू शकतात.

म्हणजे कागदावर पाहिलं तर उंच इमारत आणि मातीची मोकळी जागा यांचं वैर नाही. ऊन थोडं कमी होईल, पण झाड मरणार नाही. मग प्रत्यक्षात का मरतं?

कारण एफएसआयमध्ये न मोजल्या जाणाऱ्या गोष्टी. त्यांत पहिला क्रमांक गाड्यांचा. जुन्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा क्वचितच कुणाकडे गाडी होती, आज नियमानेच ठरावीक पार्किंग द्यावं लागतं आणि ग्राहक त्याहून जास्त मागतो. त्यासाठी बेसमेंट खणतात, आणि ते बहुतेक वेळा इमारतीच्या खालीच न थांबता भूखंडाच्या कुंपणाच्या जवळपास जातं. किंवा मग पोडियम येतो, म्हणजे खालचे दोन-तीन मजले गाड्यांसाठी आणि त्यांच्या गच्चीवर बाग. शिवाय अग्निशमन दलाच्या गाडीसाठी इमारतीभोवती किमान सहा मीटरच्या आसपास रुंदीचा, जड वाहन पेलणारा पक्का रस्ता लागतो. ही मागणी रास्त आहे, त्यात तडजोड करू नये. मग पाण्याच्या टाक्या, सांडपाणी प्रक्रिया यंत्र, विजेचं उपकेंद्र. सगळं जमिनीत किंवा जमिनीवर. नकाशावर ज्याला मोकळी जागा म्हटलं आहे ती वरून मोकळीच असते, पण खाली माती शिल्लक नसते.

वास्तुविशारद आणि बिल्डर ज्याला मदर अर्थ म्हणतात, म्हणजे वरपासून खालपर्यंत अखंड माती, तीच झाडाला हवी असते. पोडियमवरच्या मीटरभर मातीत चाफा, फुलझाडं, लॉन छान येतात. पर्जन्यवृक्ष तिथे कधीच होणार नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात निकाल दिला की मनोरंजनासाठीची मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमवर चालणार नाही. २०१८ मध्ये लागू झालेल्या नव्या नियमावलीत मात्र या जागेचा काही हिस्सा पोडियमवर द्यायला पुन्हा वाव मिळाला. माझ्या मते दादर-माटुंग्यासारख्या भागांत ही सवलत नकोच होती.

मुळं नेमकी कुठे असतात

झाडाची मुळं खोल पाताळात जातात असा आपला समज असतो. मोठ्या झाडांची पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या साधारण मीटरभर मातीत असतात, कारण त्यांना हवा लागते, आणि हवा तिथेच असते. आडवी मात्र ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. म्हणून शेजारच्या भूखंडात बेसमेंट खणलं तरी रस्त्यावरच्या झाडाची एका बाजूची मुळं तुटतात. केबलसाठी फुटपाथलगत खणलेला चरही तेवढंच करतो. झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं. शेंड्याकडची पानं विरळ व्हायला तीन-चार पावसाळे जातात, आणि मग एखाद्या जूनमध्ये ते उन्मळून पडतं. तोवर काम करणारा ठेकेदार निघून गेलेला असतो आणि नोंद होते 'वादळी वाऱ्यामुळे'.

बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतणं हा याच रोगाचा दुसरा प्रकार. रस्ते काँक्रीटचे होत आहेत, त्याबरोबर झाडाभोवतीची मातीही बंद होते. पाणी आत जात नाही, हवा जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकावं. मोठ्या झाडाला एक मीटर म्हणजे फार नव्हे, पण नाक बंद केलेल्या माणसाला निदान एक नाकपुडी मोकळी करून दिल्यासारखं ते आहे.

मुंबईत या सावलीचं मोल आणखी वेगळं आहे. हवेत दमटपणा इतका असतो की पानांतून बाष्प जाऊन हवा गार होण्याचा फायदा कोरड्या शहरांइतका मिळत नाही. इथे आपल्याला वाचवते ती मुख्यतः उन्हाची तिरीप अडवणारी दाट, रुंद सावली. लहान रोपं ती देऊ शकत नाहीत.

कायदा काय देतो

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे खासगी आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आला. तोडलंच तर झाडाचं वय जितकं तितकी नवी रोपं लावायची, अशीही तरतूद झाली. साठ वर्षांच्या झाडामागे साठ रोपं. ऐकायला भरपाई जास्तच वाटते.

हिशेब करून पाहू. फांद्यांचा पसारा पंधरा मीटर व्यासाचा असलेल्या जुन्या झाडाची सावली सुमारे १७७ चौरस मीटर पडते. मीटरभर व्यासाच्या पसाऱ्याच्या एका रोपाची पाऊण चौरस मीटरच्या थोडी वर. साठ रोपांची मिळून सत्तेचाळीस. तीसुद्धा सगळी जगली तर, आणि ती हिंदू कॉलनीच्या त्याच गल्लीत लावली तर. प्रत्यक्षात गल्लीत साठ रोपांना जागाच नसते, ती दूर कुठेतरी लागतात. मोठी झाडं उपटून दुसरीकडे लावण्याचा पर्यायही सुचवला जातो. पण मुळांचा बहुतांश पसारा तोडूनच झाड हलवावं लागतं, त्यामुळे म्हातारी झाडं यातून क्वचितच सावरतात.

याहून मोठी उणीव अशी की कायदा झाड मोजतो, माती मोजत नाही. बिल्डरने झाडाला हात न लावता त्याच्यापासून दोन मीटरवर भिंत उभी केली आणि खाली दहा मीटर खणलं, तर तोडलेल्या झाडांच्या रकान्यात शून्यच लिहिलं जातं.

मग रहिवाशांच्या हातात काय आहे? बरंच आहे, पण वेळेवर. बहुतेक सोसायट्यांच्या आणि भाडेकरूंच्या बैठकांत चर्चा होते ती कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून येणारा निधी किती मिळणार, पर्यायी जागेचं भाडं किती, यांची. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. त्यांच्याबरोबर बेसमेंटची हद्द विचारावी. पार्किंग इमारतीच्या पायाच्या आतच एकावर एक यांत्रिक पद्धतीने बसवता येतं, मग कुंपणापर्यंत खणायची गरज पडत नाही. ते महाग पडतं आणि देखभाल मागतं, तरी झाडांच्या बाजूची पट्टी त्याने वाचते. फायर ब्रिगेडचा रस्ता कोणत्या बाजूने न्यायचा यातही आराखडा करणाऱ्याला काही वाव असतो. जुनी झाडं मागच्या बाजूला असतील तर रस्ता पुढून जाऊ शकतो. भूखंडावरच्या आणि कुंपणाबाहेरच्या प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, बुंध्याचा घेर आणि फांद्यांचा पसारा दाखवणारा नकाशा आधी करून घ्यावा, आणि खोदकामाची रेषा त्यावर आखून मागावी. दोन्ही रेषा एकाच कागदावर आल्या की कुठलं झाड खरोखर जगणार आहे ते कोणालाही दिसतं.

हे सगळं विकासकाशी करार करण्याआधी, मसुदा वाचत असताना मागायचं. पालिकेची मंजुरी आल्यावर खांबांच्या आणि रॅम्पच्या जागा ठरून गेलेल्या असतात, आणि तेव्हा झाडावर चिकटवलेल्या नोटिशीला हरकत घेतली तरी तोड की ठेव एवढाच प्रश्न उरलेला असतो.